‘कन्टेन्डेड’ म्हणजे कोर्टानं मान्य केलं असं नव्हे

गोव्यातल्या वाळपईच्या हॉटेलात भाजी-पाव येईपर्यंत इंग्रजी पेपर चाळावा, तर म्हादई नदीच्या पाणीतंट्याची बातमी बऱ्याचदा सापडते आणि तीत ‘गोवा कन्टेन्डेड’ हे शब्दही. शेजारच्या टेबलावरून लगेच निकाल लागतो: ‘बघा, कोर्टानं मान्य केलं!’

कोर्टानं काहीच मान्य केलेलं नसतं. ‘कन्टेन्ड दॅट’ म्हणजे एका बाजूनं ठासून मांडलेलं म्हणणं. ते टिकलं की आपटलं, हे त्या क्रियापदातून कळत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये नेमलेल्या म्हादई लवादापुढे कर्नाटकाचं म्हणणं होतं की नदीचं पाणी वापराविना समुद्रात जातं. गोवा सांगत होता की खोऱ्यालाच पाणी पुरत नाही, ते मलप्रभा नदीत कसलं वळवता? दोघंही ‘कन्टेन्ड’च करत होते. १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तिथं क्रियापद बदलतं. लवाद किंवा कोर्ट ‘होल्ड’ करतं, म्हणजे ठरवतं; ‘कन्टेन्ड’ करतात ते पक्षकार. मराठी बातमीत आपण ‘असा दावा केला’ लिहितो, तोच हा शब्द. पुढं तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली, म्हणजे पुन्हा ‘कन्टेन्ड’ सुरू.

दुसरा गैरसमज शाळेतल्या शब्दार्थांनी रुजवलेला: कन्टेन्ड म्हणजे भांडणे. मूळ लॅटिन शब्दाच्या पोटात ‘ताणणे’ आहे. आपण रोज घेतो ते ‘टेन्शन’ त्याच घरातलं, आणि दोऱ्या ताणून उभा केलेला ‘टेन्ट’सुद्धा. रस्सीखेच डोळ्यांसमोर आणली की या शब्दाचे सगळे अर्थ जुळतात. भांडण असेलच असं नाही, ओढ मात्र असते.

म्हणून ‘कन्टेन्ड विथ’ वाचून कुणाशी वाद झाला असं समजू नये. सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराला माकडं, रानडुकरं आणि गवेरेडे यांच्याशी ‘कन्टेन्ड’ करावं लागतं, म्हणजे त्यांना तोंड द्यावं लागतं. गवेरेड्याशी वाद घालणारा माणूस अजून तरी इथं कुणी पाहिलेला नाही.

निवडणुकीत आणखी एक घोळ होतो. ‘कन्टेन्डर’ म्हणजे उमेदवारच, असं नाही. वाळपई किंवा पर्ये मतदारसंघाच्या तिकिटासाठी धडपडणारे पाचजण ‘कन्टेन्डर’ असू शकतात. त्यातल्या चौघांचा अर्जही भरला जात नाही. शिवाय निवडणूक ‘कन्टेस्ट’ करतात, तिथं ‘फॉर’ लागत नाही. ‘कन्टेन्ड’ला मात्र ‘फॉर’ लागतं: जागेसाठी, तिकिटासाठी, चषकासाठी.

राहिले सारखे वाटणारे शब्द. ‘कन्टेन्टेड’ म्हणजे समाधानी. ‘कन्टेन्डेड’ म्हणजे दावा केला. एका अक्षरानं बातमी उलटी होते: हक्क सांगायला गेलेलं राज्य तृप्त होऊन बसतं. ‘कन्टेम्प्ट’ तर तिसराच, म्हणजे अवमान. २०२० मध्ये गोव्यानं कर्नाटकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अवमान याचिका केली, तेव्हा ‘कन्टेम्प्ट’ हा शब्द हॉटेलात पुन्हा निकालासारखाच वाचला गेला. अवमान झाला, हे त्या याचिकेतलं गोव्याचं ‘कन्टेन्शन’ होतं.