आच उतरल्यावर मध

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की बांबवड्यापर्यंत ऊस डोळ्यांआड होत नाही. मलकापूर ओलांडल्यावर तो मागे पडू लागतो आणि आंब्याच्या चढापर्यंत जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन, किंजळ यांची दाटी सुरू होते. शाहूवाडी तालुक्यात गोडाचे असे दोन मुलूख आहेत. पूर्वेकडचा गूळ घराघरांत ढेपेनं येतो आणि रोजच्या जेवणात जिरतो. पश्चिमेकडच्या रानातला मध मात्र आपण औषधाच्या रांगेत बसवला आहे. खोकला झाला की चमचाभर आल्याच्या रसातून, पूजेला पंचामृतात थोडा, एरवी बाटली फडताळात. हा मधावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. मध हे आधी अन्न आहे, आणि तेही विशिष्ट डोंगराचं, विशिष्ट महिन्याचं. ते ताटात आलं पाहिजे.

या रानात मध करणाऱ्या माश्या एका जातीच्या नाहीत. उंच झाडांच्या फांद्यांना आणि कड्यांना मोठी उघडी पोळी लावते ती आग्या. झुडपात तळहाताएवढं एकच पोळं बांधते ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी, आणि पेटीत पाळायला आपल्या सह्याद्रीत हीच सोयीची. सातेरीची एक वसाहत वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते. पंजाबात, उत्तर भारतात मेलिफेरा नावाची परदेशी माशी पाळतात, ती याच्या कितीतरी पट देते. पण डोंगरातल्या धुवाधार पावसाला आणि विखुरलेल्या फुलोऱ्याला सातेरी सरावलेली आहे. घाटातला मध महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर ऋतूत आहे. पावसाचे चार महिने माश्यांना बाहेर पडणं मुश्कील. त्या काळात त्या स्वतःच्या साठ्यावर जगतात. पाऊस ओसरल्यावर व्हायटी, आखरा आणि ज्या वर्षी फुलेल त्या वर्षी कारवी यांचा हंगाम येतो. कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. नंतर उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनी, मग जांभूळ, मग हिरडा. जांभळाचा मध गडद आणि जिभेवर किंचित तुरट. तो चाखल्यावर मध म्हणजे नुसता गोडवा ही समजूत राहत नाही.

याच जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यात, रांगण्याच्या पायथ्याजवळच्या पाटगावानं हे सगळं उद्योग म्हणून उभं केलं आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे; त्यानं 2022 साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर ‘मधाचं गाव’ केलं आणि त्याच वाटेनं पाटगाव पुढे आलं. 2023 साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्तम पर्यटन गावांच्या स्पर्धेत पाटगावला कांस्य मिळालं. पाटगावचं आणि आमच्या आंबा-विशाळगडाचं रान एकाच सह्याद्रीचं. तिथं जे जमलं ते इथं न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. कच्चा मध म्हणजे तापवलेला नाही आणि बारीक गाळणीतून दाबून गाळलेला नाही असा मध. त्यात साधारण सतरा ते वीस टक्के पाणी, बाकी बहुतेक फळसाखर आणि द्राक्षसाखर, थोडे पराग, आणि माशीनं घातलेली विकरं. फुलाचा वास ज्या द्रव्यांत असतो ती अगदी थोडी आणि उडून जाणारी. मध उकळला की आधी जातो तो वास, मग विकरं निकामी होतात आणि रंग काळवंडतो. आयुर्वेदानं तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे, तसाच मध आणि तूप समभाग घेणंही. त्यामागच्या कारणांवर मतभेद असतील, पण स्वयंपाक करणाऱ्याला दोन्हीकडून सल्ला एकच मिळतो: मध शेवटी, आच उतरल्यावर. शंकरपाळ्याच्या पाकात किंवा चिक्कीत जांभळाचा मध घालणं म्हणजे तो वाया घालवणं. तिथं गूळच हवा, आणि तो आपल्याकडे उत्तम मिळतो.

सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं: तांदळाची ऊन भाकरी, तिच्यावर घरचं लोणी, आणि लोणी विरघळू लागलं की वरून मध. लोण्याचा आंबूसपणा आणि मधाचा तुरटपणा एकमेकांना धरून राहतात. म्हशीच्या सायीच्या दह्यावर गडद मध घालून, वर भाजलेला जवस कुटून भुरभुरला तर जेवणानंतर दुसरं काही गोड लागत नाही. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून, बोट सहज बुडवता येईल इतकं निवल्यावर मध ढवळावा. साखरेपेक्षा मध गोडीला तेज, म्हणून वाटीभर साखरेच्या जागी पाऊण वाटी पुरतो.

दिवाळीसाठी लाडूही करता येतात. दोन वाट्या नाचणीचं पीठ पाव वाटीहून थोड्या जास्त तुपावर मंद भाजावं. वास सुटला आणि पीठ हलकं झालं की परातीत पसरून पूर्ण गार करावं. मग चमचाभर सुंठ, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी मध, तोही एकदम नव्हे, वळता येईल इतपतच. पाकाच्या लाडवासारखे हे टणक होत नाहीत. मध हवेतली ओल धरून ठेवतो, म्हणून ते मऊ राहतात.

मधातल्या आवळ्यात बहुतेकांचा घोळ होतो तो पाण्यामुळे. मध आवळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि स्वतः पातळ होतो. पाण्याचं प्रमाण वाढलं की मधात झोपी गेलेलं किण्व जागं होतं, बरणीत फेस येतो, आंबट वास सुटतो. म्हणून आवळे पाच-सात मिनिटं वाफवून, पाकळ्या सुट्या करून, सावलीत दोन दिवस सुकवावेत. बोटाला ओल लागता कामा नये आणि साल सुरकुतलेली हवी. मग बुडतील इतका मध. आठवड्यात तो पातळ झालाच, तर ओतून सरबताला वापरावा आणि बरणीत नवा मध घालावा. हे फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं, कारण सातेरीच्या मधात मुळातच पाणी थोडं जास्त असतं.

एक गोष्ट ठामपणे सांगितलीच पाहिजे. बाळाला जन्मतः मध आणि सोनं चाटवण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही देऊ नये. मधात बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात; मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि जिवावर बेतू शकतं. मध कितीही शुद्ध असला तरी यात फरक पडत नाही. आजीचा मान दुसऱ्या कशानं राखावा.

शुद्धतेच्या घरगुती परीक्षांवर माझा विश्वास नाही. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कुत्रं खातं का बघणं, यांतून काही सिद्ध होत नाही. मधाखाली साखरेसारखे कण बसले तर भेसळ आहे असंही नव्हे. द्राक्षसाखर थंडीत बसतेच. बरणी कोमट पाण्यात ठेवली की कण विरघळतात, आणि रवाळ मध भाकरीवर उलट चांगला पसरतो. भेसळ खरी आहे, पण ती डोळ्यांना दिसणारी नाही. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तपासलेल्या 13 ब्रँडांपैकी फक्त 3 सगळ्या चाचण्यांत उतरले, आणि साखरेचा पाक पकडायला जर्मनीतल्या प्रयोगशाळेतली चाचणी लागली.

म्हणून परीक्षा मधाची नव्हे, विकणाऱ्याची घ्यावी. घाटमाथ्यावर कुणी बाटल्या घेऊन बसलेला दिसला तर विचारावं: पेटीतला की रानातला? कोणत्या महिन्यात काढला? यंत्रात फिरवून की पोळं पिळून? पिळलेल्या मधात अळ्यांचा रस आणि मेण उतरतं. तो लवकर आंबतो, आणि त्यासाठी अख्खी वसाहत जाते. पोळ्याच्या घरांवर माश्यांनी मेणाची टोपणं घातली म्हणजे मध पिकला. निदान तीन चतुर्थांश घरं झाकलेली असतील तेव्हाच चांगला मधपाळ चौकट यंत्रात घालतो. आग्याचं पोळं काढणारा माश्या जाळतो की नुसता धूर देऊन मधाचाच भाग कापतो, हेही विचारावं. माहीतगार माणूस या प्रश्नांनी खूश होतो आणि न विचारलेलंही सांगतो. पावसाळ्यासाठी पोळ्यात किती मध मागे ठेवला, हे सांगणारा भेटला तर भावात घासाघीस न करता दोन बाटल्या घ्याव्यात, शक्यतो दोन वेगळ्या हंगामांच्या, आणि घरी आणून एकाच भाकरीवर शेजारी शेजारी चाखून बघाव्यात.