म्हाताऱ्या मांजरीची खाज

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका आजींचा बीपी तपासायला गेलो होतो. तपासून झाल्यावर आजींनी मांडीवरची मांजर पुढे केली. "हिला बी बघा की बाई. सारखी खाजवती, केसं गळाल्यात. नातवाच्या मानंवर गजकर्ण उठलंय, तवा सून म्हणती हिला पोत्यात घालून बाजारात सोडा." मांजर बारा वर्षांची, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठी ओलांडलेली.

आमचे शिक्षण माणसांच्या नर्सिंगचे. सवयीने आम्ही पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक कापसावर घेतले आणि तिच्या पाठीला लावले. ही आमची चूक. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे तिला नेले तेव्हा त्यांनी आधी आम्हालाच फैलावर घेतले. मांजर अंग चाटते, त्यामुळे अंगाला लावलेले सगळे पोटात जाते. असली जंतुनाशके आणि फिनेल यांचा निचरा माणसाचे लिव्हर करते तसा मांजराचे करू शकत नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, जळके ऑइल तर बिलकूल लावायचे नाही. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या पिसवांची औषधेही मांजराला चालत नाहीत. त्यांतल्या पर्मेथ्रिनने मांजराला झटके येतात.

आता म्हातारपणी कातडी का बिघडते ते पाहू. तरुण मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटून साफ ठेवते. वय झाले की सांधे दुखतात, मान पाठीपर्यंत वळत नाही, दात किडलेले असले तर चाटणेही नकोसे होते. मग कमरेजवळ केसांच्या गुठळ्या होतात, कोंडा साचतो आणि पिसवांना रान मोकळे मिळते. गुठळी कात्रीने कापू नका. म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ असते, केसाबरोबर तीही कापली जाते. बोटांनी हळूहळू सोडवा, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसा, रोज थोडे विंचरा. पंजेही बघा. झाडावर चढणे बंद झाले की नखे झिजत नाहीत, वाढून वळतात आणि थेट पंजाच्या गादीत रुततात. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या मांजराचे पहिले कारण कधीकधी एवढेच असते.

पिसवा ओळखायची युक्ती सोपी आहे. शेपटीच्या बुडाजवळ बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. काही मांजरांना पिसवाच्या लाळेची ॲलर्जी असते. चार-दोन पिसवाही कंबर सोलून काढायला पुरतात. मानेवर टाकायचे थेंब डॉक्टर वजन बघून देतात. पण पिसवांची अंडी आणि अळ्या अंथरुणात, कोपऱ्यात, फटींत असतात. म्हणून गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकाव्या लागतात, आणि घरातल्या सगळ्या मांजरांना एकदमच औषध द्यावे लागते. तेही एकदा देऊन भागत नाही, काही महिने चालू ठेवावे लागते.

कानाच्या कडेपासून जाड खपली सुरू होऊन तोंडावर आणि पंजांवर पसरली तर ती लूत. तिचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. मांजर कुशीत घेणाऱ्याच्या हातावर, पोटावर खाजरे पुरळ येते, पण मांजर बरे झाले की ते बहुधा आपोआप जाते. पांढऱ्या कानाची मांजर असेल आणि कानाच्या टोकावर किंवा नाकावर न भरणारी जखम असेल तर मलम लावत बसू नका. उन्हामुळे पांढऱ्या कातडीला कॅन्सर होतो. लवकर दाखवले तर तेवढा कान काढून मांजर वाचते.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. पाणी खूप पिणे, खाऊनही वाळत जाणे आणि केस राठ होणे हे तिन्ही एकदम दिसले तर दुखणे कातडीत नसून आत असू शकते: किडनी, साखर किंवा थायरॉइड. तेव्हा रक्त तपासावे लागते.

आता आजींच्या नातवाचे गजकर्ण. मांजराचे गजकर्ण माणसाला होते, हे खरे. मांजराच्या अंगावर गोल टक्कल पडते, त्यावर राखेसारखा कोंडा असतो. तुटलेल्या केसांतली बुरशी घरात वर्षभरही टिकते. पण आपल्या वस्त्यांत दिसणारे बहुतेक गजकर्ण माणसाकडून माणसाला झालेले असते: एकच टॉवेल, न वाळलेले कपडे, घट्ट जीन्स. डॉक्टरांनी मांजरीचे केस तपासणीला लावले. बुरशी उगवते का ते कळायला दोन-तीन आठवडे गेले, आणि बुरशी निघाली नाही. सुनेला आम्ही घरातली ट्यूब दाखवायला सांगितली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, आणि तिच्यावर लिहिलेले क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरत जाते. तुमच्या घरातल्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असेल तर गजकर्णाला लावणे थांबवा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. नातवाच्या बापालाही जांघेत तेच होते. लाजेने त्याने सांगितले नव्हते.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजर बघतात, फक्त गाई-म्हशी बघतात असे नाही. मुंबईकरांना परळचे १८८३ सालचे 'बैलघोडा' हॉस्पिटल माहीत असेलच, तिथे मांजरेही येतात. नेताना मांजराला टॉवेलात गुंडाळून झाकणाच्या टोपलीत ठेवा. औषध लावताना तिने ओरबाडले किंवा चावली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा.

आजींच्या मांजरीला पिसवाच होत्या, आणि एक नख पंजात रुतलेले. आता सूनच तिला विंचरते.