डोकी मोजून न कळणारा बावडा

कोल्हापुरातून बालिंगे, कळे, साळवण, असळज करत पश्चिमेला गेले की साधारण पंचावन्न किलोमीटरवर देश संपतो. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेने जातो. या फाट्यावरचे गाव गगनबावडा, भागातल्या लोकांच्या तोंडी नुसते बावडा. २०११ च्या जनगणनेत त्याच नावाच्या या तालुक्याची लोकसंख्या ३५,७७२ भरली. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे जिल्ह्यातली शंभर माणसे उभी केली, तर त्यांत बावड्याचा एक माणूसही पुरता भरत नाही. कोल्हापूर महापालिकेच्या ८१ जागांपैकी पाच-सहा जागांच्या वाट्याला मिळून जेवढी वस्ती, तेवढी या अख्ख्या तालुक्याची. त्यात शहरी लोकसंख्या शून्य. जिल्ह्याच्या कोणत्याही तक्त्यात हा तालुका म्हणूनच शेवटच्या ओळीत सापडतो. आकड्यात चूक काही नाही. पण तालुक्याचे मोठेपण ठरवायला हा एकच आकडा हाती घेतला की बावड्याबद्दलचे जवळजवळ सगळे निष्कर्ष चुकतात, आणि त्या चुकीची किंमत इथल्या वाड्यावस्त्या मोजतात.

क्षेत्रफळ घेतले तर चित्र लगेच बदलते. सुमारे २८० चौरस किलोमीटरचा हा मुलूख म्हणजे जिल्ह्याच्या साडेतीन टक्क्यांहून अधिक. एका चौरस किलोमीटरला इथे सव्वाशेच्या आसपास माणसे राहतात, जिल्ह्याची सरासरी पाचशेवर आहे. ही विरळ वस्तीही सारखी पसरलेली नाही. कुंभी नदीच्या काठाने, म्हणजे कोल्हापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, गावे बऱ्यापैकी सलग आहेत. तिसंगी, साळवण, निवडे, असळज ही या पट्ट्यातली ठळक नावे. काठ सोडून डोंगराकडे वळले की गावाच्या वाड्या होतात आणि वाड्यांच्या पुढे धनगरवाडे लागतात. मराठा कुणबी शेतकरी बहुसंख्य आहेत. त्यांच्याबरोबर बौद्ध, मुस्लिम, कुंभार, सुतार अशी बलुत्याच्या जुन्या व्यवस्थेतून आलेली घरे आहेत, आणि सड्यावर म्हशी घेऊन राहणारे गवळी धनगर आहेत. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी, पाण्याच्या कडेला ऊस आणि दावणीला दुभती जनावरे, असा इथला संसार. गोकुळ दूध संघाचे दूधबिल हा यातला सर्वांत नेमाने हाती येणारा रोख पैसा. जमीन उताराची आणि तुकड्यातुकड्यांची असल्यामुळे माणसे जमिनीच्या मागे पांगली. ही पांगलेली रचना भूगोलाने घडवली आहे, कोणाच्या मागासपणातून ती आलेली नाही.

बावडा कायम काठावरच होता, असे समजायलाही आधार नाही. खारेपाटणच्या खाडीतून वर चढणारा माल याच वाटेने देशावर येई, आणि घाटाच्या तोंडावर नजर ठेवायला गगनगड उभा होता. गडाचे श्रेय शिलाहार राजा दुसरा भोज याला दिले जाते. पुढे बावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. राजाराम महाराज जिंजीला असताना ज्यांनी इकडचा कारभार सांभाळला, त्या रामचंद्रपंत अमात्यांचे हे घराणे. मराठी राज्यनीतीचा पहिला मोठा ग्रंथ मानले जाणारे ‘आज्ञापत्र’ १७१५ मध्ये त्यांच्याच हातून उतरले. कोल्हापूर संस्थानाच्या अंमलाखालची ही जहागीर संस्थान विलीन होईपर्यंत टिकली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात आले आणि बावड्याच्या वाट्याला आधी पूर्ण तालुक्याचा दर्जाही आला नाही, तो महाल म्हणून मोजला गेला. वाहतूक, जकात आणि गडकोट यांच्या हिशेबात जी जागा मोक्याची होती, ती माणसे मोजण्याच्या हिशेबात किरकोळ ठरली. जागा तीच राहिली, फूटपट्टी बदलली.

माणसे मोजण्याची रीतही इथे अपुरी पडते. डोंगरी भागातल्या अनेक कुटुंबांचा एक पाय गेली शंभर वर्षे मुंबईत आहे. गिरण्या चालू होत्या तोवर गिरणगाव, नंतर माथाडी कामे, गोद्या, दुकाने. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ही वाट अरुंद झाली, पण बंद पडली नाही. त्यात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींची भर पडली. घर बावड्यात, रेशनकार्डावरची काही नावे बावड्यात, कमावता हात मात्र बाहेर. जनगणना होते फेब्रुवारीत. गावे भरतात ती गणपतीत, गावच्या यात्रेला आणि मे महिन्यात. शिवाय आपली जनगणना स्थलांतराचा प्रश्न विचारते तो माणूस जिथे पोहोचला तिथे. जिथून निघाला त्या गावाच्या खात्यावर तो कुठेच दिसत नाही. त्यामुळे ज्याच्या पैशातून घराचे छप्पर दुरुस्त होते आणि ज्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांना सरकारी दवाखाना लागतो, तो बावड्याचा माणूस आकड्यात मुंबईकर होतो. मागे उरलेल्या लोकसंख्येत वृद्ध, मुले आणि शेत सांभाळणाऱ्या बाया यांचा भार अधिक असतो. सेवांची गरज याच लोकांना सर्वाधिक, आणि संख्या कमी म्हणून सेवा आटतात त्याही यांच्याच.

आता पाणी मोजू. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे. एकाच जिल्ह्यात जवळजवळ दहापट फरक. या पावसातून निघणारी कुंभी ही पंचगंगेला घडवणाऱ्या नद्यांपैकी एक. लखमापूरच्या कुंभी धरणात २.७१ टीएमसी पाणी साठते आणि उन्हाळ्यात ते नदीपात्रातून खाली सोडले जाते. त्यावर पन्हाळा आणि करवीरमधला ऊस उभा राहतो. कुंभी आणि कासारी या डोंगरातल्या नद्यांची नावे घेतलेला जुना साखर कारखाना कुडित्र्याला, म्हणजे खाली करवीर तालुक्यात आहे. नाव वरचे, गाळप खालचे. उलट बाजूने पाहिले तर याच पाण्याचा पहिला तडाखाही वरच बसतो. दर पावसाळ्यात मांडुकली, किरवे, लोंघे अशा ठिकाणी कुंभीचे पाणी रस्त्यावर येते आणि कोल्हापूर–गगनबावडा वाहतूक थांबते. पलीकडे घाटात दरड कोसळलेली असेल, तर तालुका दोन्ही बाजूंनी तुटतो. करूळ घाट तर रस्त्याच्या कामासाठी जानेवारी २०२४ पासून वर्षभराहून अधिक काळ बंद होता. तेवढ्या काळात घाटमाथ्यावरच्या हॉटेलांचे, टपऱ्यांचे आणि दुकानांचे बरेचसे गिऱ्हाईक फोंडा घाटाकडे वळले.

उन्हाळ्यात इथल्या वाड्यांना पाणी पुरत नाही म्हटले, तर एवढ्या पावसाच्या मुलखात टंचाई कशी असेल, हा पहिला आक्षेप येतो. उत्तर दगडात आहे. डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा सडा आणि तीव्र उतार पाऊस धरून ठेवत नाहीत. चार महिन्यांत आलेले पाणी चार महिन्यांतच निघून जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये वाड्यांवरचे झरे बारीक होतात. शेजारच्या धामणी खोऱ्यात हे सर्वांत ठळक दिसते. गगनबावडा, राधानगरी आणि पन्हाळा या तीन तालुक्यांत वाटल्या गेलेल्या या खोऱ्यातला राईचा धरण प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ रखडला. तोवर शेतकऱ्यांनी वर्गणी काढून, दर हिवाळ्यात नदीत मातीचे बंधारे घातले. पावसाळ्यात ते वाहून जात आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालावे लागत. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ ही रचना ज्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते, त्याच जिल्ह्यात हे घडत होते. तीन तालुक्यांच्या कडा जिथे मिळतात, तिथली मते तीन ठिकाणी विभागली जातात आणि कोणत्याच एका ठिकाणी ती निर्णायक ठरत नाहीत. डोकी मोजून प्राधान्य ठरवण्याचा हा सरळ परिणाम आहे.

दुसरा आक्षेप असा की विकास आलाच आहे. तालुक्यात डी. वाय. पाटील सहकारी साखर कारखाना उभा आहे, रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, राज्याचा डोंगरी विकास कार्यक्रम आहे, कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आहे. यातले बरेच खरे आहे. कारखान्यामुळे कुंभीकाठच्या उसाला जवळचे गिऱ्हाईक मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऊस पाण्याच्या मागे जातो आणि पाणी काठाला आहे. भात-नाचणीच्या वाडीला कारखान्याचा लाभ ऊसतोडीच्या किंवा हंगामी रोजगाराच्या पलीकडे फारसा पोहोचत नाही. महामार्ग तालुक्यातून जातो; तो वाडीपर्यंत जातो असे नव्हे. रेल्वे अजून कागदावर आहे. आणि डोंगरी कार्यक्रमातून साकव, वाडीचा रस्ता, समाजमंदिर अशी छोटी कामे होतात. ती हवीतच, पण शाळेत शिक्षक आणि दवाखान्यात डॉक्टर टिकवायला ती पुरत नाहीत.

जंगलाच्या बाबतीत हा विरोधाभास सर्वांत टोकदार होतो. चांदोलीपासून राधानगरीपर्यंत वन्यजीवांची जी सलग वाट जपायची आहे, ती गगनबावड्यातून जाते. म्हणूनच अलीकडे इथल्या शंभरेक चौरस किलोमीटर वनाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २०१४ पासून निघत असलेल्या पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांतही तालुक्यातली गावे आहेत. गव्यांनी पिकाची नासाडी करणे हा इथल्या शेतीचा रोजचा खर्च झाला आहे. हे वन राखले पाहिजे, याबद्दल वाद नाही. पंचगंगेचा उगम त्याच्याच आधाराने टिकला आहे. प्रश्न मोबदल्याचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याराज्यांत करांचा वाटा ठरवताना वन आणि पर्यावरण या निकषाला १० टक्के आणि क्षेत्रफळाला १५ टक्के वजन दिले. पण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा राज्यनिहाय वाटा ठरवताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि अवघे १० टक्के क्षेत्रफळाला. वनाला तिथे शून्य. दिल्लीत जंगल हे ओझे मानले जाते आणि त्याचे पैसे मिळतात. ते जंगल ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, तिथे पोहोचेपर्यंत निकषातून जंगल गळून पडते आणि डोकी तेवढी उरतात. याच बावड्याचे जहागीरदार असलेल्या रामचंद्रपंतांनी आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबाबत बजावले होते, की रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, आणि जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. तीनशे वर्षांपूर्वी झाडाच्या मालकाचा हिशेब राज्यनीतीत होता. झाड न तोडण्याचा मोबदला हा त्याच हिशेबाचा पुढचा भाग आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. सरकारी पैसा माणसांसाठी असतो, डोंगरासाठी नव्हे. मग पस्तीस हजारांवर माणशी जास्त खर्च करणे हे इचलकरंजीतल्या झोपडपट्टीवर अन्याय करणारे नाही का? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण समान खर्च आणि समान सेवा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हे सरकारने स्वतःच मान्य केलेले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाटीवर ३० हजार लोकसंख्येचा निकष आहे, डोंगरी भागात २० हजारांचा. उपकेंद्रासाठी सपाटीवर पाच हजार, डोंगरात तीन हजार. म्हणजे अंतराची किंमत धोरणाला ठाऊक आहे. शाळेच्या बाबतीत मात्र तीच किंमत विसरली जाते. पट वीसच्या खाली गेला की शाळा समूह शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू होते. सपाटीवरचे दोन किलोमीटर आणि जुलैमधल्या बावड्यातले, ओढा ओलांडून जायचे दोन किलोमीटर यांत सहा वर्षांच्या मुलासाठी शाळा सुटण्याएवढा फरक असतो. एवढासा तालुका ठेवायचाच कशाला, शेजारच्यात मिसळून टाका, असे सुचवणाऱ्यांनाही हेच उत्तर लागू पडते. तहसील कचेरी पन्हाळ्याला नेली तर खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारी खात्यातून निघून सातबाऱ्यासाठी दिवस मोडणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशावर जातो.

दोन संस्थांची तुलना इथे बोलकी आहे. विधानसभेसाठी गगनबावडा करवीर मतदारसंघाचा एक कोपरा आहे. करवीर आणि पन्हाळ्याच्या भागांपुढे त्याची मते थोडी. जिल्हा परिषदेत मात्र २०१७ च्या निवडणुकीत ६७ पैकी दोन जागा या तालुक्याला होत्या, म्हणजे सुमारे तीन टक्के. लोकसंख्येच्या वाट्याच्या तिप्पट आणि क्षेत्रफळाच्या वाट्याच्या जवळपास. तालुका हा घटक मानला की मोजमाप आपोआप जरा बरे होते, याचे हे उदाहरण आहे. अनुदान आणि सेवांच्या वाटपातही हेच करता येईल. राज्य वित्त आयोगाला पाणलोट आणि वन यांना निकषात ठळक वजन देता येईल. शाळा आणि दवाखान्याचे अंतर किलोमीटरऐवजी पावसाळ्यात पोहोचायला लागणाऱ्या वेळेत धरता येईल. आणि बाहेर गेलेल्या कुटुंबीयांची नोंद ग्रामपंचायत स्वतःच्या आराखड्यात ठेवू शकते.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. सोळा वर्षांनी बावड्याचा नवा आकडा येईल, आणि तो बहुधा पुन्हा शेवटच्या ओळीतच असेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी वर्तमानपत्र उघडून आधी दोन आकडे शोधतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, आणि गगनबावड्यात किती पाऊस झाला. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. तेव्हा साडेपाच लाखांच्या शहराचे काय होणार, हे पस्तीस हजारांच्या डोंगरावर ठरत होते. पावसाळ्याच्या त्या दोन महिन्यांत बावडा जिल्ह्याच्या तक्त्यात सर्वांत वर असतो. उरलेल्या दहा महिन्यांत त्याला कोणत्या ओळीत बसवायचे, हे आपण कोणती फूटपट्टी उचलतो यावर अवलंबून आहे.