ट्रॅक्टर शेडची खोली करताय? भिंत घालण्याआधी नोंद आणि जोतं बघा

पोराचं लग्न ठरलं की घरात जागा कमी पडते. मग नजर जाते ती अंगणातल्या ट्रॅक्टरच्या शेडकडे नाहीतर रिकाम्या गोठ्याकडे. पत्रा आहे, तीन बाजूंनी भिंती आहेत, पुढनं शटर काढून वीट लावली की झाली खोली, असा हिशोब होतो. गवंडी आठ-दहा दिवसांत काम उरकतो. ग्रामपंचायतीत मात्र ती जागा शेड किंवा गोठा म्हणूनच राहते.

ही नोंद पुढे महागात पडते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ भागात किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलंय. आपत्तीनंतर पंचनामे होतात आणि मदत ठरते ती नोंदीवर. 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये आहेत. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. घराला लागून असलेल्या गोठ्याला फक्त 3,000. ट्रॅक्टर शेडसाठी तर वेगळा रकानाच नाही. वर अट अशी की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. म्हणजे आत पलंग, कपाट, टीव्ही सगळं असलं तरी कागदावर गोठा असेल तर तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर?

आता परवानगीचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 नुसार गावच्या हद्दीत इमारत बांधायला किंवा पुन्हा उभारायला ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते. "आम्ही कुठं बांधतोय, फक्त वापर बदलतोय" असं बरेचजण म्हणतात. पण 1966 चा नगररचना कायदा इमारतीच्या वापरातल्या ठळक बदलालाही 'विकास' असंच धरतो. त्यामुळे ती पळवाट चालत नाही.

भ्यायचं मात्र कारण नाही. डिसेंबर 2020 पासून राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली आणि छोट्या प्लॉटचं काम सोपं झालं. गावठाणात 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 1600 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला नगररचना कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. मालकीचा कागद, जागेचा आणि बांधकामाचा नकाशा, आणि तो नियमात बसतो असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं. 150 ते 300 चौरस मीटरच्या जागेला ग्रामपंचायत कागद तपासून परवानगी देते. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या. "देतो नंतर" यावर उठून येऊ नका.

काम झालं की ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज देऊन नमुना 8 ला वापर आणि क्षेत्रफळ दुरुस्त करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल. ती वाचवायला नोंद टाळणारे लोक मला अजिबात शहाणे वाटत नाहीत. अजून एक, नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून तेवढ्यावर भागत नाही.

शेड गावठाणाबाहेर स्वतःच्या शेतात असेल तर जमीन महसूल संहितेत 'शेतघर' या शब्दात अवजारं, चारा, जनावरं यांच्याबरोबर कुटुंबाची आणि गड्यांची राहण्याची सोयही येते. म्हणून स्वतः राहायला खोली केली तर लगेच बिगरशेती झाली असं होत नाही. त्याच खोलीत बाहेरचा भाडेकरू ठेवला किंवा दुकान थाटलं की मात्र प्रकरण बिगरशेतीत जातं आणि दंड होऊ शकतो. शहराच्या हद्दीजवळ अटी कडक आहेत, तिथं आधी तलाठ्यांकडे चौकशी करा. गोठा रोजगार हमीतून बांधलेला असेल तर पंचायत समितीत विचारल्याशिवाय त्याला हातच लावू नका.

कागद झाले. पण खरी मेख जोत्यात आहे. शेड बांधताना ट्रॅक्टर सरळ आत जावा म्हणून जमीन जवळजवळ अंगणाच्या पातळीला ठेवतात. राष्ट्रीय इमारत संहितेत वाहनाच्या जागेला आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 15 सेंटीमीटर उंची पुरते, माणसाच्या घराला मात्र 45 सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट जोतं सांगितलंय. पावसाचं पाणी, ओल, विंचूकाटा सगळं या फूटभराच्या फरकात येतं. मण्यार जातीचा साप रात्री फिरतो आणि खाली झोपलेल्याला चावतो, हे गावात कुणाला सांगायला नको.

मग आतून मुरूम भरून जमीन उचलायची. ती उचलली की डोक्यावरची जागा कमी होते. संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. उतरत्या छपराला सरासरी तेवढी आणि कमी बाजूला किमान 2.4 मीटर. समजा तुमचं शेड पुढनं दहा आणि मागनं आठ फूट आहे. सरासरी नऊ, बरोबर बसतं. फूटभर भराव टाकला की सरासरी आठ उरली. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली आठ फुटात झोपून बघा म्हणजे कळेल. म्हणून भरावाबरोबर पत्राही उचलायचा खर्च धरा.

दुसरी चूक शटरच्या जागी होते. तिथं पाया नसतोच, कारण तिथून गाडी जायची. कोब्यावरच वीट रचली तर काळ्या मातीत दोन पावसाळ्यांत भेग पडते. माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. तिथं खोदून पाया घ्या, वर सळईची पट्टी टाका आणि नवी भिंत जुन्या भिंतीत दाते काढून जोडा.

खिडकीचाही विचार आधीच करा. शटर बुजवलं की खोलीला हवा कुठून? शेजाऱ्याच्या हद्दीवरच्या भिंतीला खिडकी काढली तर भांडण ठरलेलं. खोली एकच असेल तर ती किमान 9.5 चौरस मीटर, म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट, आणि रुंदीला आठ फूट हवी. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेतू शकतं, धुराचा वास आला नाही तरी. फवारणीची औषधं, डिझेलचे कॅन त्या खोलीतून किंवा शेजारच्या आडोशातून कायमचे हलवा. सिमेंटचे जुने पत्रे मशीननं कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

राहिली वीज. शेतीपंपाच्या जोडणीवरून खोलीला लाइट घेतली तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर धरतात आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटरवरूनच वायर न्या, अर्थिंग करा, आणि पत्र्याच्या खोलीला 30 मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी लावा. पत्र्यात करंट उतरला तर वाचवणारी तीच एक वस्तू असते.