निळ्या भांड्यातली काच

14 जानेवारीला जयपूरच्या वैशाली नगरात गच्च्या सकाळपासून फुललेल्या असतात. पतंग कटला की ‘वो काटा!’ची आरोळी उठते. मांज्याला काचेची पूड लावतात, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. जयपूरच्या ब्लू पॉटरीची गोष्टही याच काचपुडीपासून सुरू होते.

सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द 1835 ते 1880) यांच्या पतंगबाजांचे पतंग आग्र्याजवळच्या अछनेऱ्याचे दोन भाऊ एकामागून एक कापत होते म्हणे. आपल्या भांड्यांची निळी-हिरवी काच कुटून त्यांनी ती दोऱ्याला लावली होती. महाराज चिडले नाहीत. त्यांनी दोघांना अशी भांडी घडवायची कला पक्की शिकायला दिल्लीला धाडलं. दंतकथाच ही, पण काचेचा धागा त्यात बरोबर पकडलाय.

कारण या भांड्यांत कुंभाराची माती नसतेच. गारगोटीची पूड, कुटलेली काच, जराशी मुलतानी माती, डिंक, सज्जीखार आणि पाणी, एवढंच मळायचं. ही कणीक चाकावर उभी राहत नाही. मग कारागीर ती पोळीसारखी थापतो, साच्यात बसवतो, आत राख दाबून भरतो आणि साचा पालथा घालतो. आकार सुकेपर्यंत राखेचा टेकू. नंतर ती झटकून टाकायची. मान आणि बूड जोडण्यापुरतं चाक लागतं. वर पांढरा लेप, त्यावर नक्षी. रंगवताना कोबाल्टचा ऑक्साइड काळपट दिसतो. निळाई उमटते ती भट्टीतच. सगळ्यावर काच आणि टाकणखाराची झिलई चढवून साधारण 800 ते 850 अंशांवर एकदाच भाजणी होते. भट्टी मात्र दोन-तीन दिवस निवू द्यावी लागते. घाई केली की तडा गेलाच.

गारगोटीवर काचेचा मुलामा देण्याची युक्ती फार जुनी. इजिप्तमध्ये काचेची भांडी घडू लागण्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीपासून फायान्सचे, म्हणजे अशाच मुलाम्याचे, मणी होते. हडप्पाकालीन बांगड्याही तशाच.

जयपुरात ही कला विसाव्या शतकाच्या मध्याला विझत आली होती. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार कृपालसिंह शेखावत (1922–2008) यांनी ती पुन्हा उभी केली. 1974 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता फुलदाण्यांबरोबर कपाटांच्या मुठीही बनतात. घरात अशी एखादी मूठ टवका उडालेली असेल, तर तिची कड निरखून पाहा: विटकरी नाही, पांढरी आणि साखरेसारखी रवाळ दिसेल.