तेलाच्या डब्यावरील आकडे

मोटारीच्या तेलाचा डबा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु त्यावर छापलेल्या ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५ डब्ल्यू-४०’ या आकड्यांचा अर्थ फारच थोड्यांस ठाऊक असतो. “आपला मुलूख उष्ण, तेव्हा तेल जितके दाट तितके बरे,” असा सल्ला मात्र आपण वारंवार ऐकतो. तो कितपत खरा आहे, हे आता आपण पाहू.

इंजिन चालू असता दट्ट्या सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा खालीवर होत असतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळसा थर असावा लागतो. हा थर टिकणे हे मुख्यतः तेलाच्या दाटपणावर अवलंबून असते. शास्त्रात यासच श्यानता म्हणतात. थंडीच्या दिवसांत काकवी भांड्यातून कशीबशी ओघळते. तीच तापविली म्हणजे सरसर वाहते. तेलाचाही धर्म हाच होय. म्हणून गार इंजिनात ते फार दाट होऊ नये आणि तापलेल्या इंजिनात फार पातळ होऊ नये, अशी दुहेरी अपेक्षा त्याच्याकडून असते.

या दोन्ही गोष्टी डब्यावरील आकडे सांगतात. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांची ही प्रतवारी प्रथम केली. पुढे तीत वेळोवेळी सुधारणा झाल्या. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक वाहते. शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते, हे दर्शवितो. ३० पेक्षा ४० चे तेल अधिक दाट. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत, हे ध्यानी ठेवावे.

आता उन्हाळ्याचा प्रश्न. बाहेर १५ अंश असोत वा ४५, इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅट नावाची झडप त्यातील पाण्याचे तापमान बहुधा ९० अंशांच्या आसपास राखते. तेव्हा केवळ ऊन वाढले म्हणून दाट तेल घालण्याचे कारण उरत नाही. उलट, पातळ तेलासाठी बांधलेल्या नव्या इंजिनातील अरुंद वाटांतून दाट तेल सावकाश सरकते. गाडी सुरू करताच वरच्या भागांस ते उशिरा पोहोचते, झीज वाढते व इंधनही अधिक जळते. याउलट, दाट तेलासाठी बांधलेल्या जुन्या इंजिनात फार पातळ तेल घातले, तर थर तुटून बेअरिंगे खराब होतात. म्हणजे दोष दाट तेलाचाही नव्हे आणि पातळ तेलाचाही नव्हे. दोष अयोग्य निवडीचा.

मग निवड कोणी करावी? ज्यांनी इंजिन बांधले, त्यांनीच. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत योग्य क्रमांक दिलेला असतो. तेलाच्या गुणवत्तेची प्रतही तेथेच नमूद असते आणि तीही तितकीच महत्त्वाची आहे. हवामान वा अवजड ओझे यांनुसार बदल चालत असेल, तर तोही तीच सांगते. घरातील मोटारीचे तेल पुढच्या वेळी बदलावयाचे असेल, तेव्हा विद्यार्थिमित्रांनी ती पुस्तिका काढून वडिलांसमोर ठेवावी. महागडे इंजिन वाचविण्यास पाच मिनिटांचे वाचन पुरेसे आहे.