शाईपेन खरवडतं, तेव्हा दोष कुणाचा?

मे महिन्याच्या सुट्टीत दप्तरात पडून राहिलेलं शाईपेन जूनमध्ये बाहेर निघतं आणि पहिल्याच ओळीला कागद खरवडू लागतं. घरात लगेच निदान होतं: निब गेली. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. चालत्या पेनात निबेचं टोक आणि कागद यांच्यामध्ये शाईचा अतिशय पातळ थर असतो आणि टोक त्या थरावरून सरकतं. तो थर तुटला की उत्तम निबसुद्धा खरखरते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर शाईपेनाबद्दलचे बरेचसे समज आपोआप गळून पडतात.

पहिला समज सोन्याचा. सोन्याची निब गुळगुळीत आणि स्टीलची खरखरीत, असं अजूनही सांगितलं जातं. पण सोनं कागदाला लागतच नाही. निब सोन्याची असो वा स्टीलची, तिच्या टोकावर एका फार कठीण मिश्रधातूचा बारीक मणी वितळवून जोडलेला असतो. मग पातळ चकतीने चीर पाडून त्याचे दोन भाग करतात, त्याला आकार देतात आणि घासून चकचकीत करतात. लिहिताना हाताला जे जाणवतं ते या मण्याचं काम. 14 कॅरेटच्या निबेत सोनं साडेअठ्ठावन्न टक्के असतं. त्याचा खरा फायदा म्हणजे जुन्या आम्लधर्मी शायांनी ते गंजत नसे, शिवाय अशी निब दाबाला थोडी लवचीक असते. नीट घासलेली स्टीलची निब घाईने घासलेल्या सोन्याच्या निबेपेक्षा कितीतरी सुरेख चालते.

निबेवर 'इरिडियम पॉइंट' असं कोरलेलं असतं, त्यावरूनही लोक भाव करतात. इरिडियम हा धातू 1803 मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने शोधला आणि एकोणिसाव्या शतकात ऑस्मियम-इरिडियमचे नैसर्गिक कण निबेच्या टोकाला लावू लागले, हे खरं. आजच्या मण्यांत मात्र ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंची मिश्रणं असतात आणि इरिडियम बहुधा नसतंच. कोरलेली अक्षरं म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे.

"पेन कुणाला देऊ नकोस, निब बिघडेल," हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलंय. पण टोकावरचा मणी इतका कठीण असतो की तो हाताच्या वळणाप्रमाणे झिजायला अनेक वर्षं लिहावं लागतं. मैत्रिणीने दोन ओळी लिहिल्या म्हणून त्याचा आकार बदलत नाही. धोका आहे तो दाबाचा. बॉलपेनाची सवय असलेला हात जोर देतो, निबेची दोन पाती फाकतात, कधी एक वर आणि एक खाली राहतं. मग चिरेची आतली कड कागदात रुतते. खरखरीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. पेन द्यायला हरकत नाही, फक्त "दाबू नकोस" एवढं सांगावं.

आता सर्वांत नुकसान करणारा उपाय. निब खरखरली की ती फरशीवर, पाटीवर किंवा पॉलिश पेपरवर घासायची, नाहीतर चिरेत ब्लेडचं पातं फिरवायचं. फरशीने मणी वेडावाकडा झिजतो. ब्लेडने चिरेच्या कडा ओरबाडल्या जातात, आणि शाई वाहते ती केशाकर्षणाने, त्याच अरुंद चिरेतून. जास्त घासण्याचा आणखी एक तोटा क्वचितच कुणी सांगतं. चिरेच्या आतल्या कडा फार गोल झाल्या की शाई कागदापर्यंत पोचत नाही, आणि निब गुळगुळीत असूनही पहिलं अक्षर उमटत नाही. म्हणजे गुळगुळीतपणालाही मर्यादा लागते. आधी भिंगातून टोक समोरून पाहावं. एक पातं वर दिसलं, तर नखाने अगदी हलकेच दाबून दोन्ही सारखी करावीत. चिरेत कागदाचा तंतू अडकला असेल, तर पातळ पितळी पत्रा एकदा फिरवावा.

त्याही आधी पेन धुवावं. सुट्टीत वाळलेली शाई निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत साठते. त्या खाचांतून शाई बाहेर येते आणि तिच्या जागी हवा आत जाते. हवेची वाट बंद झाली की शाई अडते. धुण्यासाठी साधं पाणी घ्यावं. उकळतं पाणी प्लास्टिकची जीभ वाकवतं, स्पिरिटने काही पेनांचं अंगच खराब होतं. वाळलेली शाई सुटायला रात्रभर भिजवणं पुरतं.

शाईबद्दलही एक गल्लत होते. 1931 मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. तीच पुढे कॅमलिन झाली आणि आजच्या कोकुयो कॅमलिनचा एक कारखाना पाताळगंगा औद्योगिक परिसरात, खालापूरकरांच्या शेजारीच आहे. कॅमलिनच्या चित्रकलेच्या साहित्यामुळे अनेक घरांत ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईची बाटलीही असते. काळी आहे म्हणून ती पेनात भरली जाते आणि पेन कायमचं बसतं, कारण त्या शाईत रंगाची भुकटी आणि लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो. शाईपेनाला पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई लागते. बाटलीवर 'फाउंटन पेन' लिहिलंय का ते पाहूनच भरा.

पावसाळ्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वही हवेतला ओलावा शोषते, कागदाचे तंतू फुगतात, शाई फुटते, सैल तंतू चिरेत शिरतात. दोष मात्र निबेला. तेच पेन कोरड्या, चांगल्या कागदावर चालवून पाहावं, म्हणजे निकाल लागतो.

आणि घाटात पेन गळलं, म्हणजे निब सैल झाली असंही नाही. कर्जत समुद्रसपाटीपासून 100 मीटरही उंच नाही, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. बोरघाट चढताना हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी उतरतो, पेनातली कोंडलेली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. नेरळहून 800 मीटर उंचीच्या माथेरानला जातानाही हेच होतं. अर्धं भरलेलं पेन जास्त गळतं, कारण त्यात हवा जास्त. घाट चढण्यापूर्वी पेन पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर राहील असं खिशाला लावा.

तेव्हा नवी निब विकत घेण्याआधी पेन रात्रभर पाण्यात ठेवा, शाई बदला, कागद बदला, भिंगातून टोक पाहा. एवढं करूनही खरखर राहिली, तर पेन निब जुळवणाऱ्या जाणकाराकडे न्या. फरशीकडे नेऊ नका.